दुखणं माझं, तोंड यांचं

मोहाडी,
मंडईचे दिवस, सोमवार

ती. शोभाताईस,

धाकट्या सत्यवतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. भाऊजींनाही माझा नमस्कार सांग. (पत्र बघून घाबरू नको, कोणी गेलेलं नाही. आजकाल घरात हाताने लिहिलेलं पत्र आलं की माणूस आधी मयत कोण ते शोधतो, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून मोकळी झाले.) तुझे गुडघे कसे आहेत? बांधीतलं धान कापून झालं, की मजूर मिळत नाहीत म्हणून भाऊजी अजून सकाळ-सकाळ लोकांच्या दारोदार फिरताहेत? म्हैस व्याली का? या सगळ्याची उत्तरं मला हवी आहेत, पण घाई नाही. आधी माझं पुरतं ऐकून घे. पुरतं ऐकून घेणारं माणूस मला हल्ली विकत घ्यावंसं वाटायला लागलं आहे.

आता तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. ताई, आमच्या घरात रेंज फक्त ओसरीवर येते, आणि ओसरीवर हे असतात. मी "हॅलो ताई" म्हणते न म्हणते तोच हे फोन हातातून घेतात आणि "हां शोभाताई, नमस्कार, ती मजेत आहे," असं माझ्या वतीने सांगून टाकतात. गेल्या दिवाळीपासून तू माझ्याशी किती बोललीस आणि यांच्याशी किती, जरा आठवून बघ. कागदाचं एक बरं असतं, तो हातातून ओढून घेऊन त्याच्यावर कोणाला मधेच बोलता येत नाही. तुमच्या गावची उषाबाई इथे माहेरी आली होती, ती उद्या लाखांदूरच्या गाडीने परत जाते आहे, तिच्या पिशवीत हे घालून देते. (तिला सांगितलं आहे की आत लोणच्याची कृती आहे. ती विचारेल, तर आंब्याच्या लोणच्याची सांग.)

झालं असं, की पोळ्याच्या सुमारापासून माझ्या छातीत काहीतरी होतं. काहीतरी म्हणजे काय, ते नीट लिहिते, कारण गेले तीन महिने मला हे वाक्य कोणी पूर्ण करू दिलेलं नाही. मी मागावर बसते. कोशाच्या रेशमाची साडी चढवलेली आहे. वीतभर विणून होते, तोच छातीच्या मधोमध कोणी पाटा ठेवावा तसं जड होतं, घसा आवळतो, डावा जबडा ओढ घेतो आणि पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मधे दाटून येतं. हात थांबवला की हळूहळू सुटतं. पुन्हा धोटा फेकला की पुन्हा हजर. विहिरीवरून भरली बादली आणताना तेच, देवळाचा चढ चढताना तेच. बसलं की नाही. लिहून झालं बघ, एवढंच होतं! एवढं सांगायला मला तीन डॉक्टरांकडे जावं लागलं आणि एक दात गमवावा लागला. दाताचं पुढे येतं.

पहिल्यांदा गेलो ते अर्थातच घरच्या डॉक्टरांकडे. घरचे म्हणजे यांच्या शाळेतले सोबती. त्यांच्या वडिलांनी माझ्या सासऱ्यांना तपासलं, त्यांनी आमच्या निकेशचा गोवर काढला, आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात ते पहिल्या पंगतीला असतात. असे डॉक्टर असले की माणसाला आजारी पडायचीसुद्धा चोरी. त्यांच्या खोलीत एक खुर्ची आहे आणि एक स्टूल. खुर्चीवर हे बसले, स्टुलावर मी. डॉक्टरांनी यांना विचारलं, "का झालं वहिनीले?" मी तोंड उघडलं, पण उत्तर यांच्याच तोंडातून आलं, "गॅस होते तिले. रातच्याले चण्याची भाजी खाल्ली का दुसऱ्या दिवशी सुरू." (माझ्या पोटातली यांना इतकी बारीक माहिती आहे, हे मला संसाराच्या इतक्या वर्षांनी कळलं.) झोप येते का? हे म्हणाले, मस्त येते, घोरते. टेन्शन घेतात का? हे म्हणाले, घेते ना, भरपूर घेते. मग डॉक्टरांनी माझ्या पाठीला नळी लावली आणि नळी लावूनच दोघं यंदाच्या मंडईच्या जत्रेत नाटक कोणत्या कंपनीचं आणायचं याच्यावर बोलत राहिले. मला आजही शंका आहे की त्या नळीतून त्यांना माझ्या छातीऐवजी नाटकाचाच पडदा उघडताना ऐकू आला असावा. मी एकदा हिंमत करून म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माग थांबवला का दुखणं थांबते." डॉक्टर हसून म्हणाले, "मग मागच थांबवा ना जी!" आणि दोघं मित्र इतके हसले की बाहेरचे पेशंटही हसायला लागले. मी गुलाबी औषधाची बाटली घेऊन घरी आले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी बीपी बघितलं, ते चांगलं निघालं, म्हणून मीच खोटी ठरले. या वयात बायकांना असं होतंच म्हणाले. (कोणत्या वयात बायकांना काहीच होत नाही, ते एकदा सांगून टाका म्हणावं, म्हणजे आम्ही त्याच वयात राहू.) तिसऱ्या खेपेला म्हणाले, वहिनी मोबाईलवर आजारांचे व्हिडिओ पाहत असतील, ते बंद करा. ताई, माझा मोबाईल यांच्या खिशात असतो. मी व्हिडिओ कुठले पाहणार? पण यांनी मान डोलावली, "सांगतो मी तिले." मला इतका राग आला की खाली उतरताना छाती भरून आली आणि मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. हे दोन पायऱ्या खाली जाऊन म्हणाले, "पाह्य, चालताना गॅस निंगते."

दरम्यान साऱ्या गल्लीला कळलं की मला गॅस आहे. मग काय, ज्याला त्याला गॅस! कोणी ओवा दिला, कोणी हिंग बेंबीला लावायला सांगितला, एकीने सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू पिळून उड्या मारायला लावल्या. तिसऱ्या उडीला मी अंगणात बसले ती बराच वेळ उठले नाही. ती म्हणाली, पाहा, मोकळं वाटून राहिलं न?

आता दात. जबडा फारच ओढायला लागला तेव्हा हे म्हणाले की गॅस आणि दात हे दोन वेगळे विषय आहेत, दाताचा माणूस वेगळा. (इथे मात्र यांचं डोकं चाललं होतं, पण उलट्या वाटेने.) दाताच्या डॉक्टरने मला तोंड उघडायला लावलं, आणि तोंड उघडं असलं की बोलता येत नाही हा माझा दोष नाही. कोणता दात, असं त्याने विचारलं. यांनी बोट आत घालून दाखवला. तो काढला. चांगला, किडीचं नाव नसलेला, माझ्या आईच्या दातासारखा पांढरा दात, ताई. घरी येऊन मागावर बसले, तर जबडा तसाच ओढतोय, फक्त एका दाताने कमी. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. दातासाठी नाही. मला वाटलं, माझ्या अंगात जे होतंय ते मी एकटीच जाणते आणि तेच कोणाला खरं वाटत नाही, तर मग मी गेल्यावरच खरं वाटेल.

मग मी ठरवलं, दुसरा डॉक्टर गाठायचा. पण मोहाडीत डॉक्टर बदलणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं आहे. घरच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरची बायको आमच्याकडे मागाच्या सुताच्या कांड्या भरायला येते, मी भंडाऱ्याला डोळे तपासायला गेले तरी तिला दुपारपर्यंत समजतं. तेव्हा मंडईच आडोशाला घेतली. करडी गावच्या मंडईला शेजारची कौशल्याबाई दरवर्षी आपल्या भावाकडे जातेच, आणि मंडईला जाते म्हटलं की कोणताही नवरा काही विचारत नाही, फक्त सिंगाडे आण म्हणतो. कौशल्याबाईला मी खरं सांगितलं. ती विधवा, एकटी, गुडघ्यांनी बेजार, आणि तिच्या मनातही कधीपासून तो गुडघा कोणाला दाखवायचा होता. तिच्या भाचीने भंडाऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं, पेशंटला वेळ देतात म्हणून. ठरलं.

पण घोडं अडलं ते इथे, की हे आम्हाला सोडायला स्टँडवर आले. करडीच्या गाडीत जागा धरून दिली, खिडकीतून पिशवी दिली, आणि गाडी सुटेपर्यंत हलले नाहीत. आम्ही करडीच्या गाडीत, आणि डॉक्टर भंडाऱ्याला! म्हणून गावाबाहेरच्या पहिल्याच थांब्यावर उतरलो आणि भंडाऱ्याच्या रस्त्याला लागायला शेतातल्या पांदीच्या वाटेने चालत निघालो. ताई, ते चालणं मी विसरणार नाही. तिचे पाय चालेनात आणि माझी छाती मला चालू देईना. थोडं चालायचं, थांबायचं, ती गुडघा धरून उभी, मी छाती धरून उभी, आणि दोघींच्या अंगावर मंडईच्या नव्या साड्या. कापणीला आलेल्या बायका धानातून आमच्याकडे बघत होत्या. एकदा पाटा इतका जड झाला की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बांधावर बसले आणि मनात आलं, आता इथे काही झालं तर लोक यांना फोन करतील, आणि हे म्हणतील, ती तर करडीला गेली आहे, तुमचा काहीतरी घोळ होतोय. कौशल्याबाईने माझा हात घट्ट धरून ठेवला.

भंडाऱ्याच्या गाडीत बसल्यावर आमचा दोघींचा एक करार झाला. स्वतःचं दुखणं स्वतःच्या तोंडाने सांगणं आपल्याकडे बरं दिसत नाही, आपण काही नवसाचे नाही आहोत. तेव्हा तिचं मी सांगायचं आणि माझं तिने. आम्हाला दोघींना हे अगदी सोयीचं वाटलं. नंबर आला तेव्हा दोघी बरोबरच आत गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आवाज हळू. मी सुरू केलं की उतरताना गुडघ्यात कळ येते, रात्री सूज येते. त्यांनी माझा गुडघा दाबून पाहिला. मग कौशल्याबाईने छातीचं सुरू केलं, तर त्यांनी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, आणि तिचं बीपी वाढलेलं निघालं म्हणून ती आणखी घाबरली. बऱ्याच वेळाने उलगडा झाला. बाई खळखळून हसल्या, पण आमच्यावर हसल्या असं वाटलं नाही. मग त्यांनी कौशल्याबाईला बाजूच्या बाकावर बसवलं, आपली खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही सांगा. तुमचं संपेपर्यंत मी बोलत नाही."

आणि मला बोलताच येईना! आज डॉक्टर समोर, हे नाहीत, मधे कोणी बोलत नाही, आणि माझी वाचा बसली. मी वाट बघत राहिले की कोणीतरी मला अडवेल. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, कागदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच बघत बसल्या. मग मी सांगितलं. पाटा, जबडा, फऱ्यांमधलं दाटणं, माग थांबवला की थांबणं, दात, गुलाबी औषध, सगळं. रडूही येत होतं आणि सांगितलंही जात होतं. बाकावर कौशल्याबाई माझ्याहून मोठ्याने रडत होती. त्यांनी विचारलं, घरात कोणाला हृदयाचं होतं का. मी बाबांचं सांगितलं, की बाबा चहा पिता पिता गेले आणि सगळे म्हणाले, अपचन होतं.

ईसीजी काढला. पट्टी जवळजवळ चांगलीच आली. ती बघून माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला वाटलं झालं, आता याही म्हणणार गॅस. पण त्या म्हणाल्या, "स्वस्थ पडलेलं असताना पट्टी चांगली येऊ शकते. तुम्हाला होतं ते काम करताना होतं, आणि तुम्ही जे सांगितलं ते मला पट्टीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं." ताई, माझं सांगणं कोणाला तरी यंत्रापेक्षा महत्त्वाचं वाटलं! हृदयाला रक्त नेणारी नळी अरुंद झाली असावी म्हणाल्या, नागपूरला अँजिओग्राफी करून बघायची, उशीर करायचा नाही. तिथल्या डॉक्टरांशी माझ्यासमोर फोनवर बोलून येत्या गुरुवारची वेळ घेतली. रोजच्या गोळ्या दिल्या, आणि छाती भरली तर जिभेखाली ठेवायची एक वेगळी. तिने थांबलं नाही तर सरळ दवाखाना गाठायचा, कोणाची वाट बघायची नाही. तोवर माग बंद. आणि म्हणाल्या, घरी सांगा, गुरुवारी माणूस सोबत लागेल. कौशल्याबाईचा गुडघाही पाहिला त्यांनी, आणि बीपीचंही औषध सुरू केलं. ती आता मोजून मीठ खाते आणि करडीच्या भावाचा सल्ला म्हणून गल्लीत मिरवते.

सिंगाडे भंडाऱ्याच्या स्टँडवर घेतले. घरी यांनी एक सोलून तोंडात टाकला आणि म्हणाले, "सिंगाडा खावा तं करडीच्या तलावाचा!" मी तेव्हाच यांना समोर बसवलं आणि सगळं स्पष्ट सांगून टाकलं, की सिंगाडा भंडाऱ्याचा आहे, छाती माझी आहे आणि गुरुवारी नागपूरला जायचं आहे. यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. असा माझा विजय झाला. मी आता छान आहे, काळजी करण्यासारखं काही नाही, मी भीत तर मुळीच नाही. आजकाल अँजिओग्राफी म्हणजे हाताच्या नसेतून करतात, लोक संध्याकाळी चहा पितात. तू आपली तब्येत सांभाळ, भाऊजींना उन्हात फार राबू देऊ नको, लेकरांना गोड गोड पापे.

तुझी,
सत्यवती

ता. क. नवा तांदूळ पाठवू नको, इथे उंदीर झाले आहेत. खिरीत घालायला चिरोंजी असली तर पाठव.

ता. क. दुसरा. गुरुवारी नागपूरला आत एकाच माणसाला येऊ देतात म्हणे. निकेशला पुण्याहून सुट्टी मिळत नाही, आणि मी त्याला कारणही सांगितलेलं नाही. तेव्हा तू येशील का? हे बाहेर बसतील. तू आत ये. तुला काही करायचं नाही, डॉक्टर मला विचारतील तेव्हा त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहायचं, म्हणजे मला बोलता येईल.

ता. क. तिसरा, आणि हा भाऊजींना वाचून दाखवू नको. वर जे लिहिलं ते तसं झालेलं नाही. सिंगाड्यापर्यंत खरं आहे, पुढचं नाही. यांना मी काही सांगितलेलं नाही. आज दुपारी मी मागावर नुसती बसले होते, विणत नव्हते, डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं म्हणून. हे दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "का होते वो तुले? खरं सांग." आणि गप्प राहिले, ताई. हे गप्प राहिले आणि माझ्या उत्तराची वाट बघत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकायला उभा राहिलेला माणूस, आणि मी म्हटलं, काही नाही, धागा तुटला. त्यांनी वाकून मागावर धागा शोधला. तुटलेला नव्हता. त्यांनी तो न तुटलेला धागाच दोन बोटांत धरून ठेवला आणि तसेच बसून राहिले.

यांच्याने हे ऐकवणार नाही. आणि माझ्याने यांना सांगवणार नाही. लहानपणी मला ताप आला की आईला तूच सांगायचीस, मी तुझ्या मागे उभी राहायची. तसंच करू. बुधवारच्या पहिल्या गाडीने ये, यांना ओसरीवर बसव आणि तू सांग. मी शेजारी बसते. मला फार भीती वाटते, ताई.